खेळातलं गणित – ७ : घोडा वाढतोय की नुसता आकडा?

गेल्या हप्त्यात आपण चिवल्याच्या समुद्रात उतरलो होतो. दर डिसेंबरात मालवणला होणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेत एखाद्या मुलीला गेल्या वर्षीपेक्षा दोन मिनिटं जास्त लागली, म्हणून ती मागे पडली असं म्हणता येत नाही. वारा, लाट आणि पाण्याची ओढ त्या दिवशी सगळ्यांनाच नडलेली असते. तिची वेळ ताडायची ती त्याच पाण्यात पोहलेल्या इतरांच्या वेळेशी. त्यावर एका वाचकांचा फोन आला. हे ठीक आहे, पण वाढत्या वयातलं पोर पुढच्या वर्षी किती पुढे जाईल, हे आजच्या आकड्यांवरून सांगता येतं का?

या प्रश्नावर सर्वांत जास्त डोकं खपवलंय ते घोड्यांच्या शर्यतवाल्यांनी. कारण उघड आहे, त्यांचे पैसे त्यात अडकलेले असतात. शिवाय घोड्याची शर्यतीतली वाढ दोन-अडीच वर्षांत उरकते, त्यामुळे अंदाज खरा ठरला की खोटा, हे लगेच कळतं.

आपल्या कोकणात घोडे धावत नाहीत, पण महालक्ष्मीचं रेसकोर्स मालवणी माणसाला परकं नाही. गिरणगावात आयुष्य काढलेल्या चाकरमान्यांपैकी कितीतरी जण रविवारी शर्यतींच्या माहितीचं ‘कोल’चं पुस्तक खिशात घालून तिकडे वळायचे. १८८३ पासूनची ही जागा. कारभार रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा. पावसाळ्यात शर्यती पुण्याला, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल मुंबईला. फेब्रुवारीतली इंडियन डर्बी हा या सगळ्याचा कळस. ती १९४३ साली पहिल्यांदा झाली आणि बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्युटिफुलने जिंकली.

पहिला घोळ वयाचाच आहे. आपल्याकडच्या शर्यतीच्या जगात सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला. जानेवारीत जन्मलेलं शिंगरू आणि मेमध्ये जन्मलेलं शिंगरू कागदावर एकाच वयाची. दोन-तीन वर्षांच्या जनावरात चार महिन्यांचा फरक म्हणजे थोडका नव्हे. या वयात हाडं अजून पक्की होत असतात. गुडघ्याजवळची वाढीची पट्टीसुद्धा दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास बंद होते. तेव्हा तीन वर्षांच्या दोन घोड्यांनी सारखीच वेळ दिली, तर मी आधी जन्मतारखा बघेन. धाकट्याच्या हातात अजून वाढ शिल्लक असते.

आता आकडा कसा बनतो ते पाहू. समजा, आपल्या घोड्याने महालक्ष्मीला १६०० मीटरला ९९ सेकंद घेतले. त्या वर्गातल्या घोड्यांची तिथली नेहमीची वेळ साडेसत्त्याण्णव सेकंद धरू आणि तिला ६० गुण देऊ. त्या दिवशीच्या बाकीच्या शर्यती तपासल्या तर त्या सरासरी ०.९ सेकंदाने मंद निघाल्या. म्हणजे ट्रॅकच जड होता. ते वजा केल्यावर घोड्याची वेळ ९८.१, नेहमीपेक्षा ०.६ सेकंदाने जास्त. सेकंदाला सुमारे सहा लेंग्थ (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) धरल्या, तर हा घोडा साडेतीन-चार लेंग्थ मागे. या अंतरावर एक लेंग्थ म्हणजे ढोबळमानाने एक किलो वजन. आपल्याकडच्या हँडिकॅपमध्ये, म्हणजे कुवतीप्रमाणे घोड्यांना वजन देण्याच्या पद्धतीत, एक गुण अर्ध्या किलोचा, म्हणून चार लेंग्थचे आठ गुण गेले. उरले ५२. पण घोड्याच्या पाठीवर ठरीव वजनापेक्षा दोन किलो जास्त असतील, तर त्याचे चार गुण परत द्यायचे. आकडा ५६.

बस्स, एवढंच. अमेरिकेत अँड्र्यू बेयर या वार्ताहराने १९७५ च्या आपल्या पुस्तकातून ही रीत लोकांपर्यंत नेली आणि पुढे त्याचे आकडे तिथल्या शर्यतीच्या दैनिकात रोज छापून येऊ लागले. लेन रॅगोझिनचे तक्ते त्याहून गुंतागुंतीचे. त्यात आकडा जितका लहान तितका घोडा चांगला, आणि एका घोड्याचं सगळं आयुष्य एका कागदावर ठिपक्यांनी मांडलेलं. एका ठिपक्यापेक्षा ठिपक्यांची चाल बघा, हे त्याच्या लोकांचं म्हणणं.

चाल बघायची तर आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी लागते: तरुण घोड्याचा आकडा तसाच राहिला, तर तो घोडा मागे पडतोय. हे चमत्कारिक वाटेल, पण याचा हिशोब शर्यतवाल्यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडला. इंग्लंडचे अ‍ॅडमिरल रूस यांनी वयानुसार वजनाचं कोष्टक बसवलं. लहान घोडा मोठ्यांविरुद्ध धावला तर त्याला किती किलोंची सूट द्यायची, हे त्यात महिन्यागणिक आणि अंतरागणिक लिहिलेलं असतं. आजचंच उदाहरण घ्या. जुलैअखेर अ‍ॅस्कटला होणाऱ्या किंग जॉर्ज शर्यतीत तीन वर्षांच्या घोड्याला मोठ्यांपेक्षा सुमारे ५ किलो कमी वजन मिळतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पॅरिसच्या आर्क शर्यतीत, जवळपास तेवढ्याच अंतरावर, ही सूट ३ किलोंवर येते. मधल्या सव्वादोन महिन्यांत सरासरी तीनवर्षी घोडा २ किलोंनी तगडा झाला, असं कोष्टक गृहीत धरतं. आपल्या हिशोबाने चार गुण. जुलैत ५६ आणि ऑक्टोबरात ५६ असेल, तर त्याच्या बरोबरीचे घोडे त्याला मागे टाकून गेलेले असतात.

ही वाढ थांबते कुठे? २०१० च्या एका अमेरिकी अभ्यासात घोड्याचा कळस साधारण साडेचार वर्षांच्या वयाला आढळला. दोन वर्षांपासून तिथवर सरासरी घोडा कमी अंतराच्या शर्यतीत दहाएक लेंग्थ सुधारतो, लांबच्या शर्यतीत पंधराएक. सरासरी घोडा, हे विसरू नका. आपल्याला हवा असतो तो सरासरीहून जास्त वाढणारा.

तो कसा ओळखायचा? कल्पनेतले दोन घोडे घेऊ. पहिल्याचे आकडे ४०, ४६, ४९, ५५. दुसऱ्याचे ४०, ५८, ४५. दोघांची सरासरी काढा, साडेसत्तेचाळीसच्या आसपास दोन्ही सारखीच येते. रेसकोर्सवर मात्र दुसऱ्याचा बोलबाला होतो, कारण ५८ लोकांच्या डोळ्यांत भरलेला असतो. पुढच्या खेपेला तो ४५ वर आला की ‘मोठ्या धावेने दमला’ हे कारण तयारच असतं. रॅगोझिनच्या परंपरेत याला नावही आहे आणि त्यावर पैसे लावणारेही आहेत.

दमणं अगदीच खोटं नाही. पण मला वाटतं, यातलं बरंचसं काम फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईबापांच्या आणि मुलांच्या उंचीवरून दाखवलेल्या नियमाचं आहे. फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सरासरीने त्यांच्याइतकी नसतात. एका शर्यतीच्या आकड्यात घोड्याची कुवत असते आणि त्या दिवसाचं नशीबही: सरळ मिळालेली वाट, मनासारखा वेग, आतली जागा. सर्वांत मोठा आकडा आपण वेचून काढतो तेव्हा नशिबाचा चांगला वाटाही त्यातच वेचला जातो. पुढच्या वेळी नशीब नेहमीसारखं झालं की आकडा उतरतो, घोडा दमलेला असो वा नसो. म्हणून कमी धावलेल्या घोड्याचा एकटा मोठा आकडा छाटूनच वापरावा. ५८ दिसला की मी मनात पन्नाससुद्धा धरणार नाही.

पण इथेच पंचाईत आहे. मुरलेल्या सहा वर्षांच्या घोड्याला हे छाटणं बिनदिक्कत लागू पडतं, कारण त्याची कुवत जागच्या जागी असते. तीन वर्षांच्या घोड्याची कुवतच सरकत असते. त्याचे जुने आकडे एका लहान जनावराचे आहेत, ते सरासरीत धरून आपण त्याला उगाच खाली खेचतो. म्हणून पहिल्या घोड्याच्या ४९ नंतरच्या ५५ वर माझा जास्त विश्वास. तो ५५ एकटा नाही, त्याच्यामागे पायऱ्या आहेत.

दुसऱ्याच्या ५८ ला मात्र एक चाचणी लावून बघावी. त्याच शर्यतीत मागे राहिलेल्या घोड्यांचे आकडे काढा. सगळ्यांनीच त्या दिवशी आपापल्या आयुष्यातली सर्वोत्तम धाव दिलेली दिसली, तर संशय आपल्या वजाबाकीवर घ्यावा. पुण्याला हे हमखास होतं. दुसऱ्या शर्यतीपर्यंत ट्रॅक बरा, मग एक सर येते आणि चौथीपासून माती पायाला धरू लागते. दिवसाची सरासरी एकच धरली की सरीआधीच्या घोड्यांना फुकटचे गुण मिळतात आणि नंतरच्यांचे कापले जातात. ट्रॅकची मऊपणाची मोजणी छापून येते, खोटं रेलिंग किती आत सरकवलंय तेही येतं. पण ती मोजणी सरीच्या आधीची की नंतरची, हे बघायचे कष्ट फार थोडे घेतात.

माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण तिसरीच आहे, आणि ती दिसायला अगदी फिकी असते. घोड्याने मार्चमध्ये मुंबईला आपला सर्वोत्तम ५० दिला. मग विश्रांती. जुलैत पुण्याला पहिल्याच धावेत पुन्हा ५०. लोक म्हणतात, जैसे थे. पण विश्रांतीनंतरच्या पहिल्या शर्यतीत घोडा सहसा पुरता तयार नसतो, शेवटच्या २०० मीटरना छाती भरून येते. अर्ध्या तयारीत जुन्या कळसाशी बरोबरी केली, याचा अर्थ मधल्या चार महिन्यांत घोडाच मोठा झालाय. पुढच्या दोन धावांत तो वर जाण्याची शक्यता मी चांगली धरतो. हाच घोडा ४४ वर परतला आणि तिसऱ्या धावेत ५० ला पोहोचला असता, तर लोकांनी ‘सुधारतोय’ म्हटलं असतं. खरं तर तो मार्चमध्ये जिथे होता तिथेच आला, आणि वयाचं कोष्टक लावलं तर त्याच्याही मागे.

आमच्या वाडीतले एक निवृत्त गिरणी कामगार हे सगळं ऐकून घेतात आणि एका वाक्यात निकाल लावतात: “घोडो घड्याळाक बघून धावणा नाय, बाजूच्या घोड्याक बघून धावता.” त्यांचं खरं आहे. पहिले हजार मीटर सगळे रमतगमत गेले, तर शेवटी कितीही उधळले तरी एकूण वेळ मंदच येते आणि चांगल्या घोड्याचा आकडा लहान निघतो. लांब पल्ल्याच्या शर्यतीत असं वारंवार होतं. म्हणून एकूण वेळेबरोबर शेवटचे ६०० मीटर किती सेकंदांत, तेही पाहावं लागतं. आणि जॉकीने चाबूक उगारलाच नाही, घोडा आपणहून चार लेंग्थने जिंकला, तर आकडा त्याची कुवत सांगत नाही. त्याला जेवढी गरज पडली तेवढंच सांगतो. सकाळच्या सरावाच्या ज्या वेळा छापून येतात, हजार मीटर १ मिनिट ५ सेकंद वगैरे, त्यांच्यावर मात्र मी फार विसंबत नाही. पाठीवर किती वजनाचा माणूस होता, हेच आपल्याला ठाऊक नसतं.

इंग्लंडमध्ये फिल बुल नावाच्या गणिताच्या शिक्षकाने शिक्षकी सोडून शर्यतींच्या वेळा मोजायला घेतल्या आणि १९४८ मध्ये ‘टाइमफॉर्म’ काढलं. त्यांच्या आकड्यापुढे कधी कधी एक छोटं ‘पी’ अक्षर असतं: हा घोडा आणखी सुधारेल. फ्रँकेलला दोन वर्षांचा असताना १३३ होते आणि पुढे हे ‘पी’. तिसऱ्या वर्षी १४३, चौथ्या वर्षी १४७. चौदा शर्यती, चौदा विजय. पहिली उडी दहाची, दुसरी चारची. थोर घोड्यालाही कळसाजवळ पायऱ्या लहान होत जातात, आणि १३३ वरून १४३ ची रेघ तशीच पुढे ओढणाऱ्याने त्याला चौथ्या वर्षी १५३ दिले असते.

आपल्याकडे अशा अंदाजाची परीक्षा डिसेंबर आणि फेब्रुवारीच्या मध्ये होते. डिसेंबरातली टू थाउजंड गिनीज १६०० मीटरची, डर्बी २४०० ची. मधल्या दोनेक महिन्यांत घोड्याला वयाने वाढायचं असतं आणि दीडपट लांब धावायचंही असतं. गिनीजपर्यंतचे आकडे पहिल्या गोष्टीबद्दल पुष्कळ सांगतात, दुसरीबद्दल जवळजवळ काहीच नाही. १६०० मीटरला पायरी-पायरीने चढलेला घोडा डर्बीच्या शेवटच्या वळणावर अचानक थांबल्यासारखा होतो, तेव्हा त्याची वाढ खुंटलेली नसते, त्याला दम पुरलेला नसतो. तो दम बापाकडून येतो, आईकडून की सरावातून, आणि वंशावळीवरून त्याचा कितपत अंदाज येतो, ते पुढच्या आठवड्यात.