चौथी सीट मिळणार नाही

प्रकाशाची साक्ष : लेखांक ७

उतरत्या दुपारी उत्तनच्या किनाऱ्यावर समुद्राकडे बघवत नाही, डोळे दिपतात. पोलराइज्ड गॉगल लावला की चकाकी विझते आणि पाण्याचा खरा, गाळकट रंग दिसू लागतो. मान कलती केली की चकाकी पुन्हा हजर!

१९२१ मध्ये इंग्लंडहून परतताना 'नारकुंडा' बोटीवर रामन यांनी हेच केलं. गॉगलच्या जागी निकोल लोलक हा ध्रुवक होता. आकाशाचं प्रतिबिंब पुसलं तरी निळाई उरली, म्हणजे ती पाण्यानंच विखुरलेल्या प्रकाशाची होती. याविषयी 'नेचर'ला धाडलेल्या पत्रावर मुंबई बंदराचा पत्ता आणि २६ सप्टेंबर ही तारीख आहे. १९२८ चा रामन परिणाम आपण मागच्या लेखात पाहिला : विखुरताना थोडासा प्रकाश पदार्थाला ऊर्जा देतो आणि रंग बदलून बाहेर येतो. किती ऊर्जा गेली, यावरून आत काय हललं ते कळतं.

आज त्याच परिणामानं चुंबकाची झडती घेऊ. रुथेनियम क्लोराइडच्या अल्फा रूपात रुथेनियमचे अणू मधाच्या पोळ्यासारखे, षटकोनी जाळीत बसतात. प्रत्येकाला शेजारी तीन. अलेक्सी किताएव यांनी २००६ मध्ये अशा जाळीचं गणित मांडलं : अणूचा स्पिन, म्हणजे त्याची इवली चुंबकसुई, कुठल्या अक्षावर असावी याबाबत तिन्ही शेजाऱ्यांचा आग्रह वेगळा. तीन तिघाडा, काम बिघाडा! कितीही थंड करा, सुया एका रांगेत लागतच नाहीत. याला स्पिन द्रव म्हणतात.

साध्या, शिस्तीतल्या चुंबकात सुया हलल्या की एकसंध लाट उठते. इथे मात्र तिचे तुकडे होतात आणि मिळालेली ऊर्जा ते कशीही वाटून घेतात, शंभराची नोट मोडल्यासारखी. म्हणून आलेखात टोकदार रेघेऐवजी पसरट उंचवटा दिसतो. टोरांटोच्या गटाला तो २०१५ मध्ये या क्लोराइडमध्ये दिसला.

पण उंचवटा तुकड्यांचाच कशावरून? उत्तर भाईंदर लोकलमध्ये आहे. अणूंची कंपनं 'जरा सरका' म्हणत चौथ्या सीटवर बसणारी : तापमान वाढून गर्दी झाली की त्यांची रामन खूण आणखी ठळक होते. हे तुकडे फर्मिऑन जातीचे, एका जागी एकच. उष्णतेनं जागा आधीच भरल्या, तर प्रकाशाला नवी जोडी बसवता येत नाही आणि खूण फिकी पडते. २०१६ मध्ये नासू आणि सहकाऱ्यांनी हा हिशेब मोजमापांशी ताडला, आणि तो जुळला.

तरी निकाल लागलेला नाही. साधारण ७ केल्विनला, म्हणजे उणे २६६ अंशांना, हा पदार्थ शिस्तीत येतोच, म्हणजे निखळ स्पिन द्रव तो नव्हे. रामन ज्या संस्थेचे संचालक होते, त्या बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अजय सूद यांच्या गटानं तांबे-इरिडियमच्या अशाच जाळीदार ऑक्साइडवर हाच प्रकाश टाकून पाहिला आहे. शोधकाच्या तोंडाशी आजही ध्रुवक लागतो : आडव्या-उभ्या प्रकाशाची खूण वेगवेगळी टिपायची, म्हणजे कंपनं कुठली आणि चुंबकाची हालचाल कुठली, हे निवडता येतं. उत्तनला मान कलती केली, तेच इथे.

(पुढील आठवड्यात : प्रकाशाऐवजी न्यूट्रॉन, आणि ट्रॉम्बेची 'ध्रुव' अणुभट्टी)