पगारातून वाहतूक वजा केली का?



उसाचे बिल हाती आले की आपण पहिल्यांदा काय पाहतो? कारखान्याने जाहीर केलेला दर आपल्याला तोंडपाठ असतोच. आपण पाहतो ते तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला हातात काय पडले ते. हा हिशेब आपल्याला कोणी शाळेत शिकवलेला नाही. वडगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट घेऊन येणारी म्हातारी आजीसुद्धा टेम्पोचे भाडे आणि हमाली काढून मगच 'पैसे झाले' म्हणते.

पण हाच आपला माणूस मुंबईच्या नोकरीबद्दल बोलताना मात्र नुसता पगार सांगतो. "थोरल्याला मुंबईत अठ्ठावीस हजार हाय," एवढे म्हटले की ऐकणाराही मान डोलावतो. त्यातून वाहतूक वजा करायचे कोणाच्या मनात येत नाही. मी गेली अठ्ठावीस वर्षे गावोगावी फिरून पिकाचा जमाखर्च लिहून ठेवा म्हणून सांगणारा माणूस; पण माझ्याही मनात आले नव्हते. ते कसे आले, तेच आज सांगतो.

टेशनावर कोणी आले नाही

गेल्या दिवाळीनंतर मी आणि आमच्या सौ. मुंबईस चिरंजीवांकडे जायला निघालो. मुंबई म्हणायचे एवढेच. त्याची नोकरी अंधेरीला आणि भाड्याची खोली बदलापूरला. हातकणंगल्याहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने बसलो. बरोबर पाच किलोचा गुळाचा रवा, भुईमुगाच्या शेंगा, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, तुपाची बरणी आणि सौ.ने केलेले कडबोळ्यांचे डबे. आपण गावाकडची माणसे रिकाम्या हाताने जात नाही.

आदल्या दिवशी मुलाचा फोन आला. "आण्णा, कल्याणला उतरा. तिथून कर्जतकडे जाणारी लोकल घ्या, बदलापूरला उतरून रिक्षा करा. मला न्यायला जमायचं नाही."

खरे सांगतो, मनाला लागले. लहानपणी ह्याला शाळेत सोडायला मी एस.टी.च्या फाट्यापर्यंत सायकलवर घेऊन जात असे. दुसऱ्या आठवड्यात वडगावच्या सोमवारच्या बाजारात एका ओळखीच्या गृहस्थाला हे सांगितले, तर तेही म्हणाले, "सायेब, आमचं बी तसंच. पोरगं मोठं झालं, आता बापाला न्यायला टेशनात यायला बी वेळ न्हाई." म्हणजे ही तक्रार माझ्या एकट्याची नव्हे. आपल्यापैकी कित्येक घरांतून ती असेल. म्हणून पुढचे जरा नीट वाचा.

कल्याणला सकाळी उतरलो. ओझे घेऊन जिना चढलो, पूल ओलांडला, पुन्हा जिना उतरलो. समोरच्या बाजूला मुंबईकडे जाणाऱ्या गाडीसाठी माणसांची भिंत उभी होती. आमची गाडी उलट दिशेची, म्हणून बसायला जागा मिळाली. बदलापूरला रिक्षावाल्याने सामानाकडे एकवार पाहिले आणि दीडशे रुपये सांगितले. बाजारात बैलाच्या व्यवहारात अर्धा तास घासाघीस पाहणारा मी, तिथे माझे तोंडच उघडेना. मागे लोक ढकलत होते, भाषा मराठीच होती, पण वेळ कोणाकडेच नव्हता. दीडशे दिले. अंतर निघाले दोन किलोमीटर.

घरी पोचलो तर सूनबाईने दार उघडले. मुलगा सव्वासहालाच बाहेर पडला होता. रात्री पावणेनऊला आला, पाया पडला, जेवायला बसला आणि हातातला घास हातात असतानाच पेंगू लागला. सौ. माझ्याकडे बघत राहिली. ती एवढेच म्हणाली, "पोरगं वाळलंय."

एक दिवस त्याच्याबरोबर

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने त्याच्याबरोबर निघालो. घरापासून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, माणशी वीस रुपये. मग लोकल. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ६८ किलोमीटर आहे. आम्हाला त्यातले घाटकोपरपर्यंत जायचे होते. बदलापूरलाच बसायला जागा नव्हती. कल्याणला, डोंबिवलीला माणसे चढली ती एकमेकांच्या अंगावरूनच. मला त्याने आत ढकलले आणि स्वतः दाराजवळ राहिला. त्याचा एक हात मधल्या दांड्याला होता. तो हात मी घाटकोपरपर्यंत बघत होतो.

९ जून २०२५ रोजी दिवा ते मुंब्रा या टप्प्यात दारात लटकलेले प्रवासी चालत्या लोकलमधून खाली पडले आणि त्यात काहींचा जीव गेला, हे आपण वर्तमानपत्रात वाचले असेल. मीही वाचले होते. वाचून पान उलटले होते. त्या दिवशी गाडी मुंब्र्याच्या बाजूने गेली तेव्हा मला ते पान आठवले.

घाटकोपरला उतरून मेट्रो. ही घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो २०१४ सालच्या जून महिन्यात सुरू झाली. डबा थंडगार, वेळेवर चालणारी. पूर्वी जिथे बसने तासभर जात असे तिथे आता वीस-पंचवीस मिनिटे. सोय मोठी झाली, पण सोयीचे पैसे पडतात. अंधेरीला उतरून तो पायी कचेरीत गेला. दारापासून दारापर्यंत सव्वादोन तास झाले. मी फाटकाबाहेर चहा पिताना मनाशी म्हटले, हा मला आणायला कल्याणला आला असता तर त्याचा अर्ध्या दिवसाचा पगार गेला असता, आणि मी त्याच्यावर रुसून बसलो होतो.

वहीतला हिशेब

रविवारी आम्ही बापलेक वही घेऊन बसलो. उसाच्या बिलासारखाच तक्ता मांडला. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले.

हातात पडणारा पगार : २८,००० रुपये
खोलीभाडे : ८,५०० रुपये
शेअर रिक्षा, रोजचे ४० रुपये : १,०४० रुपये
मेट्रो, रोजचे ६० रुपये : १,५६० रुपये
लोकलचा पास, आणि उशीर झाला की करावी लागणारी स्वतंत्र रिक्षा : १,००० रुपये
शिल्लक : १५,९०० रुपये

या १५,९०० मध्ये दोघांचे खाणेपिणे, वीज, गॅस, औषधपाणी आणि सणाला गावी येणे. आता एक गोष्ट ध्यानात घ्या. यात रेल्वेचा पास सर्वांत स्वस्त आहे. आगगाडी माणसाला लुटत नाही. पैसा जातो तो दोन्ही टोकांना, म्हणजे घर ते स्टेशन आणि स्टेशन ते कामाची जागा. आपल्याकडे पाटाचे पाणी मुखाशी भरपूर सुटते आणि शेवटच्या सरीला पोचेपर्यंत मुरून जाते, तसाच हा प्रकार.

आणि पैशापेक्षा मोठी वजावट वेळेची. जाता-येता रोजचे साडेचार तास. २६ दिवसांचे झाले ११७ तास. आठ तासांची एक पाळी धरली तर महिन्याला चौदा पाळ्यांहून अधिक काम तो बिनपगारी करतो, आणि तेही उभ्याने. हा आकडा वहीत उतरला तेव्हा मुलगाच म्हणाला, "आण्णा, मी कधी असं मोजलंच नव्हतं."

"मग जवळ खोली का घेत नाहीस?" मी विचारले. त्याने ते आधीच करून पाहिले होते. तेवढ्याच खोलीला घाटकोपर-अंधेरीकडे दुप्पट-अडीचपट भाडे, वर अनामत रक्कम वेगळी. वाहतुकीचे तीन हजार वाचवायला भाड्याचे दहा हजार जास्त घालायचे, हे जमेना.

पूर्वी असे नव्हते

माझे चुलते लालबागला एका गिरणीत साचेखात्यात होते. १९८० च्या सुमारास मे महिन्याच्या सुटीत मी त्यांच्याकडे गेलो होतो. एका खोलीत आपल्याच भागातली दहा-बारा माणसे, पाळीपाळीने झोपणारी, जेवण खानावळीत. हाल होतेच, ते काही सुखाचे दिवस नव्हेत. पण चुलते गिरणीचा भोंगा ऐकून खोलीतून निघत आणि चालत दहा मिनिटांत आत असत. वाहतुकीचा खर्च शून्य. वाचलेला पैसा मनिऑर्डरने गावी येई, आणि त्यावर आमच्या विहिरीचे बांधकाम झाले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. गिरण्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. लालबाग-परळात राहणे आपल्या माणसाच्या आवाक्यातले राहिले नाही. तो डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार असा लांब लांब सरकत गेला. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली आगगाडी बोरीबंदरहून निघाली तेव्हा ३४ किलोमीटरवरचे ठाणे हे शेवटचे टोक होते. आज ठाण्यापलीकडे तेवढेच अंतर राहून माणसे रोज कामाला येतात. चुलत्यांची चाल दहा मिनिटांची, माझ्या मुलाची सव्वादोन तासांची. फरक आहे तो एवढा.

मग मुंबईला पाठवायचेच नाही काय?

तसे मी म्हणणार नाही. काही कसब, काही शिक्षण, काही बढती शहरातच मिळते. पण निर्णय घेण्याआधी वजावट मांडा. धरू या की शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या मुलाला १८,००० रुपये मिळतात. वडगावहून मोटारसायकलच्या पेट्रोलला दोन हजार गेले तर उरतात १६,०००. जेवण घरचे, झोप पुरी, आणि संध्याकाळी गोठ्यात एक हात. अठ्ठावीस आणि अठरा यांत दहा हजारांचा फरक दिसतो, तो वजावटीनंतर उरतच नाही. पाच वर्षांनी शहरातला पगार किती वाढेल, हेही त्याच कागदावर लिहा आणि मग घरातल्या सर्वांनी बसून ठरवा. मुलीच्या लग्नाचे बघतानाही मुलाचा पगार विचारता, तसे खोली कुठे आणि काम कुठे, हे दोन प्रश्न जरूर विचारा.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

दवाखान्यासाठी, कोर्टासाठी किंवा मुलाबाळांकडे आपल्याला मुंबईस जावेच लागते. तेव्हा एवढे ध्यानात ठेवा.

१. सकाळी आठ ते अकरा मुंबईकडे जाणारी आणि संध्याकाळी पाच ते नऊ मुंबईहून सुटणारी लोकल ओझे घेऊन किंवा आजारी माणूस घेऊन धरू नका. चार तास थांबावे लागले तरी थांबा.

२. शनिवारी रात्री निघून रविवारी पहाटे पोचणे चांगले. गर्दी कमी, आणि मुलाला सुटी असल्याने तो न्यायला येऊ शकतो. मात्र रविवारी दिवसा दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, तेव्हा त्याआधीच घर गाठा.

३. मुंबईत मीटरच्या रिक्षाचे किमान भाडे १ फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आणि टॅक्सीचे ३१ रुपये झाले. दोन्ही पहिल्या दीड किलोमीटरसाठी. बेस्टच्या साध्या बसचे किमान तिकीट मे २०२५ पासून १० रुपये आहे. माहीम-शीवच्या पुढे दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत, तिथे टॅक्सी किंवा बस. बसण्याआधी मीटरचे विचारा, लाजू नका. मी लाजलो आणि दीडशे घालवले.

४. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वे भाड्यात मोठी सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला घ्या. लोकलमध्ये अशा रुग्णांना दिव्यांगांच्या डब्यातून जाता येते. एस.टी.त मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. ओळखपत्र विसरू नका.

आणि शेवटची गोष्ट खर्चाची नव्हे. आता आम्ही मुलाला रात्री नऊच्या आत फोन करत नाही. गाडीत एक हात दांड्याला आणि दुसरा खिशातल्या फोनला, असे त्याचे होऊ नये म्हणून. तो घरी पोचला की स्वतःच एक मिस कॉल देतो. सौ. तोवर जागी असते. मिस कॉल आला की ती देव्हाऱ्यातला दिवा विझला का पाहते आणि मग झोपते.

तुमचाही मुलगा तिकडे असेल तर या रविवारी त्याला पगार विचारू नका. सकाळी किती वाजता निघतोस आणि दारात उभा राहतोस की आत, ते विचारा. उत्तर वहीत लिहून ठेवा आणि त्याच्यावर रुसायचे की नाही, ते मग ठरवा.