एनएफएलची वेतनमर्यादा: समज आणि हिशेब

अमेरिकन फुटबॉलच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, 32 संघ आहेत, आणि फेब्रुवारीत सुपर बोलचा अंतिम सामना आटोपल्यापासून सप्टेंबरात नवा हंगाम उभा राहीपर्यंत एकही अधिकृत सामना होत नसला, तरी संघांच्या कचेऱ्यांमध्ये वर्षातले सर्वांत निर्णायक काम याच काळात चालते. हे काम वेतनमर्यादेचे, तिकडच्या भाषेत सॅलरी कॅपचे, असते. एका संघाने एका वर्षात खेळाडूंच्या वेतनापोटी जास्तीत जास्त किती रक्कम खर्ची टाकावी याची ही सीमा असून 2025 साठी ती प्रत्येक संघामागे 27 कोटी 92 लाख डॉलर होती. या सीमेविषयी दोन परस्परविरोधी समज सारख्याच जोमाने मांडले जातात: एका समजानुसार ती अभेद्य असते आणि ती गाठलेल्या संघाला हात बांधून बसावे लागते, तर दुसऱ्या समजानुसार ती निव्वळ देखावा आहे आणि हवा तो खेळाडू हव्या त्या दामाला कधीही घेता येतो. हे दोन्ही समज एकाच गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे रुजले आहेत. खेळाडूच्या हाती रक्कम कधी पडते आणि ती कोणत्या वर्षाच्या खर्चात मांडली जाते, या दोन स्वतंत्र बाबी आहेत आणि वेतनमर्यादेचा संबंध त्यांपैकी फक्त दुसरीशी येतो.

भारतीय वाचकाला वेतनमर्यादा म्हटली की आयपीएलच्या लिलावातील 'पर्स' आठवते. 2025 च्या हंगामाआधीच्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाची पर्स 120 कोटी रुपयांची होती आणि खेळाडूवर लागलेली अंतिम बोली त्या रकमेतून सरळ वजा होत होती. एनएफएलमध्ये लिलाव नसतो. तेथे करार अनेक वर्षांचे असतात आणि एकाच करारातील वेगवेगळ्या रकमांचा हिशेब वेगवेगळ्या रीतीने होतो. मूळ वेतन ज्या वर्षाचे असेल त्याच वर्षी खर्ची पडते. साइनिंग बोनस, म्हणजे करारावर सही करताना दिली जाणारी ठोक रक्कम, खेळाडूला लवकर मिळते, परंतु हिशेबात ती कराराच्या वर्षांवर, जास्तीत जास्त पाच वर्षांवर, समान विभागली जाते. कामगिरीवर अवलंबून असणारी बक्षिसे तिसऱ्या प्रकारात मोडतात: खेळाडूने मागील हंगामात तेवढी कामगिरी केली असेल तर बक्षीस 'मिळण्याजोगे' मानून लगेच मोजले जाते, आणि केली नसेल तर ते प्रत्यक्ष मिळाल्यावर पुढील वर्षाच्या मर्यादेतून कापले जाते.

या विभागणीतील फट फार लवकर ओळखली गेली. वेतनमर्यादा 1994 मध्ये 3 कोटी 46 लाख डॉलरवर सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी डॅलस काउबॉइज संघाने डिऑन सँडर्स या बचावपटूशी सात वर्षांचा सुमारे साडेतीन कोटी डॉलरचा करार करताना जवळजवळ 1 कोटी 30 लाख डॉलर साइनिंग बोनस म्हणून दिले आणि सुरुवातीच्या वर्षांचे मूळ वेतन अगदी कमी ठेवले. लीगने पुढे अशा रचनेला आळा घालणारा नियम केला, मात्र बोनस वर्षांवर विभागण्याचे तत्त्व कायम राहिले आणि आजचे हंगामपूर्व व्यवहार बहुतांशी त्याच तत्त्वावर उभे आहेत.

मार्चमध्ये एखाद्या संघाने कराराची 'फेररचना' केल्याची बातमी आली की खेळाडूने संघासाठी वेतनात कपात स्वीकारली, असा अर्थ सर्रास लावला जातो. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. एका खेळाडूच्या कराराची चालू वर्ष धरून चार वर्षे शिल्लक आहेत आणि यंदाचे मूळ वेतन 2 कोटी 12 लाख डॉलर आहे, असे समजावे. संघ त्यातील 12 लाख, म्हणजे अनुभवी खेळाडूच्या किमान वेतनाच्या आसपासची रक्कम, वेतन म्हणून ठेवतो आणि उरलेल्या 2 कोटींचे बोनसमध्ये रूपांतर करतो. हे 2 कोटी चार वर्षांवर 50-50 लाखांनी पसरतात. परिणामी यंदा 2 कोटी 12 लाखांऐवजी 62 लाखच खर्ची पडतात, दीड कोटींची जागा मोकळी होते आणि पुढील तीन वर्षांच्या बोजात प्रत्येकी 50 लाखांची भर पडते. खेळाडूचा एक डॉलरही कमी होत नाही, उलट हंगामभर हप्त्यांनी मिळायची रक्कम त्याला आधीच मिळते. म्हणूनच अनेक करारांत अशा रूपांतराचा अधिकार संघाकडे आधीपासून लिहून ठेवलेला असतो आणि खेळाडूची वेगळी संमतीही लागत नाही. खरी कपात ही निराळी गोष्ट आहे. न्यू ऑर्लिन्स सेंट्सचा ड्रू ब्रीज याने फेब्रुवारी 2021 मध्ये आपले त्या वर्षाचे मूळ वेतन अडीच कोटी डॉलरवरून 10 लाख 75 हजारांवर आणण्यास मान्यता दिली, कारण तो निवृत्त होणार होता आणि नाव यादीत राहीपर्यंत त्याचा बोजा संघावर पडू नये एवढाच त्यामागील हेतू होता.

फेररचनेची पुढची पायरी म्हणजे करारात अशी वर्षे जोडणे, ज्यांत खेळाडू खेळणार नाही हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. ही 'व्हॉइड इयर्स', म्हणजे आपोआप रद्द होणारी वर्षे, केवळ बोनस पसरायला जागा मिळावी म्हणून असतात. फिलाडेल्फिया ईगल्सने एप्रिल 2023 मध्ये जेलन हर्ट्सशी पाच वर्षांचा साडेपंचवीस कोटी डॉलरचा वाढीव करार केला, तरी त्या वर्षी त्याच्या नावावर केवळ सुमारे 61 लाख डॉलर खर्ची पडले, ही किमया याच साधनांची. तीच साधने वृद्धत्वाकडे झुकलेल्या संघाने वापरली की पुढचे व्यवस्थापन ती निस्तरत बसते. साधनांत दोष शोधण्यापेक्षा ती कोणत्या वयाच्या खेळाडूवर वापरली हे पाहणे अधिक उपयोगी ठरते.

खेळाडूला मुक्त केले की त्याचा खर्च संपतो, हा समज सर्वांत चिवट आहे. भविष्यातील वर्षांवर पसरलेला बोनस खेळाडू संघातून जाताच एकत्र गोळा होऊन अंगावर येतो आणि या भाराला 'डेड मनी' म्हणतात, कारण त्या बदल्यात मैदानावर कोणीही खेळत नसते. वरील कल्पित उदाहरणातील खेळाडूला पुढच्या वर्षी सोडले तर फेररचनेतील उरलेले दीड कोटी डॉलर एकाच वर्षी मोजावे लागतील. अदलाबदलीत खेळाडू दुसऱ्या संघाला दिला तरी दिलेला बोनस जुन्याच संघाच्या खाती राहतो. अटलांटा फाल्कन्सने 2022 मध्ये मॅट रायनला इंडियानापोलिसकडे धाडले तेव्हा त्यांच्या वाट्याला चार कोटींहून अधिक डॉलरचा असा भार आला होता.

या बाबतीत डेन्व्हर ब्रॉन्कोजचे प्रकरण सविस्तर पाहण्याजोगे आहे. संघाने रसेल विल्सन या क्वार्टरबॅकशी, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणाऱ्या खेळाडूशी, सप्टेंबर 2022 मध्ये, तो संघाकडून एकही सामना खेळलेला नसताना, पाच वर्षांचा साडेचोवीस कोटी डॉलरचा वाढीव करार केला. दोन हंगामांनंतर, मार्च 2024 मध्ये, त्याला मुक्त करण्यात आले. 2024 चे 3 कोटी 90 लाखांचे वेतन तोवर हमीचे झालेले होते आणि ते द्यावेच लागणार होते. परंतु नव्या लीग-वर्षाच्या पाचव्या दिवशी 2025 चे 3 कोटी 70 लाखही हमीचे होणार होते, म्हणून निर्णय त्याआधी घेणे भाग पडले. एकूण डेड मनी साडेआठ कोटी डॉलरचा भरला आणि तो 5 कोटी 30 लाख व 3 कोटी 20 लाख असा दोन वर्षांत विभागण्यात आला. विल्सनला पिट्सबर्ग स्टीलर्सने 12 लाख 10 हजार डॉलरच्या किमान वेतनावर घेतले आणि उरलेला पगार डेन्व्हरच देत राहिले. एवढा भार असूनही ब्रॉन्कोजने त्या हंगामात 10 सामने जिंकून बाद फेरी गाठली, याचे एक कारण असे की नव्याने निवडलेला क्वार्टरबॅक बो निक्स चार वर्षांच्या सुमारे 1 कोटी 86 लाख डॉलरच्या करारावर खेळत होता. नवोदितांचे वेतन 2011 पासून नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील, म्हणजे ड्राफ्टमधील, क्रमांकानुसार बांधलेले आहे: 2010 मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे 7 कोटी 80 लाख डॉलर मिळाले होते, तर पुढच्याच वर्षी त्याच क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे 2 कोटी 20 लाख.

डेन्व्हरने केलेली दोन वर्षांची विभागणी '1 जून'च्या नियमाने शक्य झाली. या तारखेनंतर मुक्त केलेल्या खेळाडूचा भविष्यातील बोनस पुढच्या वर्षाच्या खाती जातो, आणि प्रत्येक संघाला दोन खेळाडू मार्चमध्येच मुक्त करून त्यांच्यावर 1 जूननंतरचा शिक्का मारण्याची मुभा असते. मात्र शिक्का मारताच जागा मोकळी होते, हे खरे नाही. त्या खेळाडूचा मूळ बोजा 1 जूनपर्यंत जसाच्या तसा खाती राहतो, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंची मार्चमधील मोठी खरेदी या बचतीतून करता येत नाही. ती उन्हाळ्यात, नवोदितांचे करार आणि उशिरा मिळणारे अनुभवी खेळाडू यांच्या कामी येते.

मर्यादा मालकांनी आपल्या सोयीने ठरवलेला आकडा आहे, हेही अपुरे आहे. ती खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या सामूहिक करारातून येते. 2020 च्या करारानुसार लीगच्या उत्पन्नाचा किमान 48 टक्के वाटा खेळाडूंचा असून त्यातून लाभांच्या तरतुदी वजा करून उरणारी रक्कम 32 संघांत समान वाटली जाते. उत्पन्न वाढते तशी मर्यादा वाढते: 2023 चे 22 कोटी 48 लाख 2024 मध्ये 25 कोटी 54 लाख झाले. खर्च पुढे ढकलण्याचा खरा आधार ही वाढच आहे, कारण आज जड वाटणारे 2 कोटी तीन वर्षांनी एकूण मर्यादेचा लहान हिस्सा झालेले असतात. बिनव्याजी उसनवारीच म्हणायची. पण ही वाढ कोणी लिहून दिलेली नाही. 2020 मध्ये महासाथीमुळे प्रेक्षागृहे ओस पडली आणि पुढच्या वर्षी मर्यादा 19 कोटी 82 लाखांवरून 18 कोटी 25 लाखांवर घसरली, तेव्हा उद्याच्या भरवशावर खर्च केलेल्या संघांना मार्च महिना फार कठीण गेला आणि चांगल्या, पण तारांकित नसलेल्या अनेक अनुभवी खेळाडूंना केवळ हिशेब जुळवण्यासाठी घरी बसावे लागले. मर्यादा देखावा असल्याचे म्हणणाऱ्यांच्या नजरेतून नेमका हा मधला वर्ग सुटतो.

लीग ही मर्यादा किती गांभीर्याने घेते याचे उदाहरण मार्च 2012 चे आहे. 2010 हे वर्ष जुन्या सामूहिक कराराच्या अखेरीस मर्यादेविना गेले होते आणि त्या वर्षात खेळाडूंच्या कराराचा अवाजवी खर्च दाखवून पुढची वर्षे हलकी केल्याबद्दल वॉशिंग्टनच्या मर्यादेतून 3 कोटी 60 लाख आणि डॅलसच्या मर्यादेतून 1 कोटी डॉलर दोन वर्षांत मिळून कापण्यात आले. मर्यादाच नसलेल्या वर्षाबद्दल झालेली ही शिक्षा न्याय्य होती असे म्हणणे अवघड आहे, पण खर्च कोणत्या वर्षात मांडला गेला यावरच लीगचा रोख होता, हे त्यातून स्पष्ट होते.

मार्चमध्ये हिशेब जुळला म्हणजे वर्षभराची निश्चिंती झाली, हाही भ्रम आहे. हंगामाबाहेर संघाच्या यादीत 90 खेळाडू असू शकतात, मात्र त्या काळात सर्वाधिक बोजाचे 51 खेळाडूच पूर्णपणे मोजले जातात; त्यामुळे नवा खेळाडू आला की यादीतला एक खाली सरकतो आणि खर्चातली खरी वाढ दोघांमधील फरकाएवढीच असते. सप्टेंबरात नियमित हंगाम सुरू होताच ही सवलत संपते आणि मुख्य यादीतील 53 जण, सराव पथक आणि जायबंदी खेळाडू असे सगळेच मोजले जाऊ लागतात. दुखापत झालेल्याच्या जागी आणलेल्या खेळाडूचा पगार त्याच्या पगारात मिळवावा लागतो, एकाला वगळून दुसरा मोजता येत नाही. त्यामुळे जाणते व्यवस्थापक ऑगस्टअखेर काही लाख डॉलर बाजूला ठेवतात, आणि हंगाम संपताना ते उरले तर लीगला लेखी कळवून पुढील वर्षाच्या मर्यादेत जमा करून घेतात.