कागदी शेकरू प्रवासाला निघतो तेव्हा...



‘मी केलेला प्रवास’ हा निबंधाचा विषय फळ्यावर लिहिला की वर्गाचे दोन भाग पडतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. काही मुलं भराभर लिहू लागतात. उरलेली पेन चावत बसतात, कारण सांगण्यासारखा प्रवास त्यांच्याकडे नसतोच. आमच्या विरारमध्ये घरातलं मोठं माणूस रोज लोकलने चर्चगेटपर्यंत साधारण ६० किलोमीटर जातं, तेवढंच परत येतं. पण सुट्टीत कुटुंबाला घेऊन फिरायला जाणं सगळ्यांना कुठे जमतं? मग अशा मुलांनी लिहायचं काय? त्यासाठीच हा उपक्रम.

कल्पना आली कुठून?

जेफ ब्राऊन या अमेरिकन लेखकाचं ‘फ्लॅट स्टॅन्ली’ हे बालपुस्तक १९६४ साली आलं. त्यातल्या स्टॅन्लीच्या अंगावर फळा पडतो आणि तो कागदासारखा चपटा होतो. मग काय, आईवडील त्याला चक्क पाकिटात घालून टपालाने कॅलिफोर्नियाला पाठवतात! १९९५ मध्ये डेल ह्युबर्ट या तिसरीच्या शिक्षकांनी यावरून मुलांसाठी पत्रप्रकल्प सुरू केला. ते लंडनचे, पण इंग्लंडमधल्या नव्हे, कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या लंडनचे. (मुलांना नकाशात दोन्ही लंडन शोधायला सांगा, मजा येते.)

आपल्या शाळेचं बोधचिन्ह असेल तर त्याचाच कागदी पुतळा करा. आम्ही आपल्या राज्याचा प्राणी शेकरू निवडला.

काय काय करायचं?

१. *पुतळा :* जाड कागदावर साधारण १५ सेंटिमीटरचा शेकरू काढून, रंगवून कापायचा. झुपकेदार शेपटी पाकिटात दुमडते, तेव्हा माप आधीच घ्या. प्रत्येकी दोन पुतळे करा. एखादा टपालात हरवला तर मूल रडवेलं होतं.

२. *पत्र :* सोबत मुलाने स्वतःच्या हाताने पत्र लिहायचं. त्यात चारच प्रश्न : तुमच्याकडे सकाळी सर्वांत आधी कोणता आवाज येतो? आज जेवणात काय होतं? तुमच्याकडचा एक खास शब्द कोणता? शेकरूने तिथे काय पाहिलं?

३. *पाठवणं :* भारतात पाठवताना आपला पत्ता लिहून, तिकीट लावलेलं पाकीट आत ठेवा. परदेशातून परत यायला आपलं तिकीट चालत नाही. तिथल्या नातेवाइकांना शेकरूचा फोटो आणि उत्तर पाठवायला सांगा. पत्ता मात्र शाळेचाच द्यायचा, मुलांच्या घरचा नाही.

४. *नोंद :* वर्गातल्या नकाशावर टाचणी आणि दोरा. आलेलं प्रत्येक उत्तर त्या मुलाने वर्गात वाचून दाखवायचं.

यातून शिकणं कसं होतं?

पाकिटावर पिनकोड लिहिताना थांबा. विरार पश्चिमचा ४०१३०३. पहिला अंक टपालाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन टपाल कार्यालय. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली आणि ती बसवणारे होते टपाल खात्यातले अधिकारी व संस्कृत साहित्यिक श्रीराम भिकाजी वेलणकर. आपल्या कोकणातला माणूस, हे मुलांना आवर्जून सांगा.

शेकरू दुबईला गेला तर वेळेचं गणित येतं. विरारला सकाळचे १० वाजतात तेव्हा तिथे साडेआठच झालेले असतात. का, ते पृथ्वीगोल फिरवून दाखवा. ‘खास शब्द’ विचारला की बोलीभाषा वर्गात येतात. आपल्या वसई परिसरातल्याच वाडवळी आणि कादोडीपासून सुरुवात करता येईल. घरी ही बोली बोलणारं मूल त्या दिवशी वर्गाचं शिक्षक होतं.

सर्वांत महत्त्वाचं

पहिल्याच वर्षी एक मुलगा मधल्या सुट्टीत येऊन हळूच म्हणाला, “बाई, आमचं बाहेरगावी कोणीच नाही.” माझी चूक तेव्हा लक्षात आली. मी परदेशच्या पाकिटांचं फारच कौतुक करत होते.

त्याची आई मासळी विकते. म्हटलं, “तुझा शेकरू आईबरोबर जाऊ दे.” दोन दिवसांनी त्याने वहीची दोन पानं भरून आणली. पहाटेचा अर्नाळ्याचा किनारा, बर्फाचा चुरा, बोंबील, मांदेली, करंदी यांचे वेगवेगळे वाटे, लोकलचा लगेज डबा आणि त्यात टोपलीवर डोकं ठेवून डुलकी घेणारी आई. शेवटी लिहिलं होतं : ‘शेकरूला मासळीचा वास लागला. आई रोज किती लवकर उठते ते मला माहीत नव्हतं.’ वर्गाने सगळ्यांत जास्त प्रश्न त्यालाच विचारले.

तेव्हापासून आमचा नियम एकच : शेकरू किती लांब गेला ते मोजायचं नाही, त्याने किती पाहिलं ते बघायचं.

पाहुणा आपल्याकडे आला तर?

दुसऱ्या शाळेशी जोडी जमली तर त्यांचा पुतळा आपल्याकडे येईल. त्याला काय दाखवायचं हे मुलांनाच ठरवू द्या. जीवदानीचा डोंगर, होडीने जावं लागणारा अर्नाळ्याचा किल्ला, १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उत्खनन केलेला सोपाऱ्याचा स्तूप, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकलेला वसईचा किल्ला. पाहुण्याला सांगायचं म्हटलं की मुलं आधी स्वतः माहिती काढतात. रोज दिसणारं गाव त्यांना नव्याने दिसू लागतं.

पालकांना एक विनंती. उत्तर तुम्ही लिहून देऊ नका. शुद्धलेखन चुकू दे, ओळी वाकड्या होऊ दे. आणि शिक्षकहो, त्या पानांवर लाल पेन नको. चुका दुसऱ्या दिवशी फळ्यावर सगळ्यांच्या मिळून दुरुस्त करता येतात.

एक जाड कागद, रंग, कात्री आणि एक पाकीट, एवढंच लागतं. येत्या सुट्टीआधी करून पाहा.