जुन्या कॉम्प्युटरवरून नव्यावर जाताना मराठी फाइल्स सांभाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला, तेव्हापासून नांदेड-लातूरकडचे बरेच डीटीपीवाले आणि झेरॉक्स सेंटरवाले नवा कॉम्प्युटर घेताहेत. परवा लातूरच्या गंजगोलाईजवळच्या एका दुकानात गेलो होतो. लग्नपत्रिकांच्या सगळ्या फाइल्स नव्या मशीनवर आल्या होत्या, पण उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ!

फाइल्स चांगल्या होत्या, फॉन्ट आले नव्हते.

श्रीलिपी, कृतिदेव यांचे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत. फाइलमध्ये साठवलेली असतात साधी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. म्हणून सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधलं 'फॉन्ट्स' फोल्डर आधी पेन ड्राइव्हवर घ्या. श्रीलिपीसारखं सॉफ्टवेअर मात्र नुसतं कॉपी करून चालत नाही, नव्याने इन्स्टॉल करावं लागतं. त्याची सीडी, लायसन्स जपून ठेवा.

पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर जात नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा; आतला डेटा पुसला जातो, तेव्हा आधी काढून घ्या.

लग्नाचे व्हिडिओ वगैरे शेकडो जीबी असतील तर दोन्ही कॉम्प्युटर लॅन केबलने जोडून फोल्डर शेअर करा. जुना कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तर हार्ड डिस्क काढून साटा-टू-यूएसबी केबलने नव्याला जोडता येते.

आणि जुनं मशीन लगेच विकू नका. महिनाभर राहू द्या.

काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा, जमेल तसं नक्की सांगतो.