मूलपेशींचा शेजार (भाग ५) : एस्कॉर्ट पेशी चालतात की थांबतात?

फळमाशीच्या अंडाशयातील कॅप पेशींकडून मिळणारा ‘डीपीपी’ हा संकेत बीज-मूलपेशीला मूलपेशीच कशी ठेवतो, आणि तो पोहोचेनासा होताच कन्यापेशीत ‘बॅम’ हे जनुक कसे जागे होते, याचे विवेचन मागील भागात झाले असल्यामुळे या भागात पुटक-मूलपेशींकडे वळण्याचे योजले होते. परंतु तो विषय आता पुढील आठवड्यावर ढकलावा लागत आहे. डीपीपीचा प्रभाव जेमतेम एका पेशीच्या अंतरापुरता असेल, तर तेथून पुढे त्या कन्यापेशीला सांभाळते कोण, असा प्रश्न एका वाचकाने पाठवला आहे, आणि त्याच्या उत्तरात फळमाशीच्या अंडाशयाविषयीचा एक अत्यंत रसपूर्ण वाद दडलेला असल्यामुळे त्याला पूर्ण भाग देणेच योग्य ठरेल.

अंडनलिकेच्या टोकाशी असलेल्या जर्मेरियम या भागात दोन किंवा तीन बीज-मूलपेशी असतात. त्यांच्यापासून वेगळी झालेली कन्यापेशी चार वेळा विभागते, पण दर वेळी विभाजन अपुरे राहून पेशी कड्यासारख्या छिद्रांनी एकमेकींना जोडलेल्या राहतात, आणि त्यातून सोळा पेशींचा एक गुच्छ तयार होतो. यांतील एक पेशी पुढे अंडपेशी होते, तर उरलेल्या पंधरा तिच्या पोषकपेशी होतात. हा सारा बदल घडत असताना गुच्छ हळूहळू मागे सरकत असतो, आणि त्या वाटेवर जर्मेरियमच्या आतील भिंतीला चिकटून एस्कॉर्ट पेशी असतात. या पेशी चपट्या असून त्यांच्यापासून निघालेले लांब, अतिशय पातळ पदर बीजपेशींच्या मधल्या फटींत शिरतात आणि प्रत्येक गुच्छाला वेढून शेजारच्या गुच्छापासून वेगळे ठेवतात.

वाद होता तो या पेशी स्वतः हलतात की नाही, याविषयी. बॉल्टिमोर येथील कार्नेगी संस्थेच्या भ्रूणविज्ञान विभागात एव्हा डेकोटो आणि ॲलन स्प्रॅडलिंग यांनी 2005 साली असे प्रतिपादन केले, की जर्मेरियमच्या टोकाशी एस्कॉर्ट पेशींच्याही स्वतंत्र मूलपेशी असतात, त्यांच्यापासून जन्मलेल्या पेशी गुच्छाला गुंडाळून त्याच्याबरोबर प्रवास करतात, आणि जर्मेरियमच्या मध्यावर पोहोचल्यानंतर मरून, पुढे गुच्छाला वेढणाऱ्या पुटकपेशींसाठी जागा मोकळी करतात. या मांडणीला भक्कम आधार होता. नराच्या वृषणात नेमके असेच घडते. तेथे बीजपेशीला वेढणाऱ्या दोन सिस्टपेशी तिच्याबरोबर अखेरपर्यंत प्रवास करतात आणि त्या दोघी स्वतंत्र मूलपेशींपासूनच जन्मतात. एकाच प्राण्याच्या दोन लिंगांत निसर्गाने एकच युक्ती वापरली असावी, ही अपेक्षा मुळीच अवास्तव नव्हती.

मात्र त्या निष्कर्षामागील पुराव्याचे स्वरूप ध्यानात घेणे आवश्यक आहे. पेशींची वंशावळ शोधण्यासाठी एखाद्या पेशीला जनुकीय खूण केली जाते, ती खूण तिच्या सर्व संततीत उतरते, आणि काही दिवसांनी अंडाशय बाहेर काढून, रसायनांनी स्थिर करून, खुणेच्या पेशी कोठे आढळतात ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जाते. या पद्धतीत प्रत्येक माशी एकदाच पाहता येते, आणि पेशी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेली हे निरनिराळ्या माश्यांतील स्थिर चित्रे जुळवून केलेले अनुमान असते. हालचालीविषयीचा प्रश्न अखेरीस हालचाल पाहूनच सुटणार होता.

2011 साली दोन दिशांनी उत्तर आले. कॅन्सस सिटीतील स्टोअर्स संस्थेत टिंग शिये यांच्या गटातील डॅनियल किरिली व सहकाऱ्यांनी वंशावळीचेच प्रयोग पुन्हा बारकाईने करून दाखवले, की एस्कॉर्ट पेशी क्वचितच विभागतात, आपली संख्या स्वतःच टिकवतात आणि त्यासाठी त्यांना वेगळ्या मूलपेशीची गरज नसते. त्याच वर्षी लूसी मॉरिस आणि स्प्रॅडलिंग यांनी अंडाशय शरीराबाहेर पोषक द्रवात जिवंत ठेवून, जर्मेरियमचे सलग अनेक तास चित्रण केले. त्यात पदर सतत लांबताना, आखडताना, गुच्छाभोवती सरकताना दिसले, पण पेशी स्वतः आपापल्या जागी राहिल्या. घमेली हातोहात पुढे देणारी मजुरांची रांग जशी जागची हलत नाही, तसाच येथे गुच्छ एका एस्कॉर्ट पेशीच्या पदरांतून पुढच्या पेशीच्या पदरांत जातो. या प्रकरणातील सर्वांत मोलाची बाब अशी, की जुने प्रतिपादन ज्या प्रयोगशाळेतून आले होते, तिनेच अधिक कठीण पद्धत उभारून ते खोडले. विज्ञानात प्रामाणिकपणाचे याहून स्पष्ट उदाहरण सहसा मिळत नाही.

पेशी थांबलेल्या आहेत हे मान्य झाले, की त्यांच्या कामाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते, कारण मग गुच्छ एकामागून एक ठरावीक शेजारांतून जातो आणि प्रत्येक टप्प्यावर त्याला कोणते संकेत मिळावेत व कोणते मिळू नयेत, हे त्या त्या जागेवरून ठरू शकते. किरिली यांच्या गटाने पेशीचा आकार सांभाळणाऱ्या ‘ऱ्हो’ या प्रथिनाचे कार्य एस्कॉर्ट पेशींत रोखले, तेव्हा त्यांचे लांब पदर नाहीसे झाले आणि जर्मेरियममध्ये विकास खुंटलेल्या, मूलपेशींसारख्या बीजपेशी साचू लागल्या. म्हणजे बीजपेशीने परिपक्व होणे हे केवळ डीपीपी संपल्याने आपोआप घडत नाही, तर त्यासाठीही एक स्वतंत्र परिसर लागतो, आणि तो एस्कॉर्ट पेशी पुरवतात.

हा परिसर डीपीपीलाही लगाम घालतो. पेशीच्या पृष्ठभागावरील ‘डॅली’ नावाचे शर्करायुक्त प्रथिन डीपीपीला धरून त्याचा प्रभाव वाढवते. कॅप पेशींत ते भरपूर असते, पण एस्कॉर्ट पेशींत त्याची निर्मिती दाबून ठेवलेली असते. शिवाय एस्कॉर्ट पेशी डीपीपीचा ‘थिकव्हेन्स’ हा ग्राही, म्हणजे संकेत झेलणारे प्रथिन, स्वतःच्या पृष्ठभागावर बाळगतात आणि इकडे झिरपलेले डीपीपी बीजपेशींपर्यंत पोहोचण्याआधीच धरून ठेवतात. या ग्राहीचे प्रमाण टिकवण्यासाठी विंट कुळातील संकेतांची मदत होते.

डॅली दाबण्याचा हुकूम मात्र खुद्द बीजपेशींकडून येतो, आणि या विषयातील सर्वांत सुंदर दुवा हाच म्हणावा लागेल. बीजपेशींतील ‘स्टेट’ हे प्रथिन ईजीएफ प्रकारचा संकेत मोकळा करते, तो एस्कॉर्ट पेशींच्या ग्राहीला मिळतो, आणि त्यामुळे एका बाजूने डॅली दाबले जाते, तर दुसऱ्या बाजूने बीजपेशींना वेढण्याची तयारी होते; स्टेट नष्ट केले, तर वेढा पडत नाही आणि बीजपेशी अपरिपक्वच राहतात. ज्या शेजाराने आपल्याला घडवायचे, तो शेजार घडवण्याची सुरुवात बीजपेशीच करत असते. या संवादाची मुळे अळीच्या अवस्थेपर्यंत मागे जातात. तेथेही बीजपेशींमध्ये मिसळून असलेल्या आणि पुढे एस्कॉर्ट पेशी होणाऱ्या आधारपेशी याच ईजीएफ संकेताच्या साह्याने बीजपेशींची संख्या मर्यादेत ठेवतात, असे लिलाख गिल्बोआ आणि रूथ लेहमन यांनी 2006 साली दाखवले होते.

जर्मेरियमच्या मध्यावर शेवटची एस्कॉर्ट पेशी आपले पदर मागे घेते आणि सोळा पेशींचा गुच्छ पुटकपेशींच्या ताब्यात जातो. त्या पुटकपेशी ज्या मूलपेशींपासून येतात, त्यांना कॅप पेशींसारखा स्थिर आधार जवळ नसतानाही त्या आपली जागा कशा टिकवतात, याचा विचार पुढील भागात करण्यात येईल.