वाहनासोबतचे फिरते स्वयंपाकघर

चूल बरोबर घेऊन हिंडणे महाराष्ट्राला नवीन नाही. पावसाळा सरल्यावर मेंढरे घेऊन कोकणात उतरणाऱ्या धनगरांचे बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर असते आणि त्यात तवा, परात, दोन पातेली व पाण्याचे भांडे यांपलीकडे फारसे काही नसते. आषाढी वारीत दिंडीचा ट्रक वारकऱ्यांच्या आधी मुक्काम गाठून स्वयंपाकाला लागतो. अलीकडे या परंपरेत नवी भर पडली आहे. मोटारीने चार-सहा दिवसांच्या प्रवासास निघून वाटेत तंबू ठोकणारी कुटुंबे, शिक्षकांचे अभ्यासगट, दुर्गम भागात काम करणारी सर्वेक्षण पथके आपले लहानसे स्वयंपाकघर वाहनातून नेऊ लागली आहेत. राज्य शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारल्यानंतर या प्रकाराकडे अधिक लक्ष वेधले गेले आहे.

अशा प्रवाशांसाठी घडी होणारी टेबले, दोन बर्नरच्या शेगड्या आणि एकात एक बसणारी भांडी यांचे आकर्षक संच आता मिळतात. ग्राहक बहुधा संच किती लहान घडी होतो हे पाहतो. वस्तुतः पहिला प्रश्न इंधनाचा आहे. कोणते इंधन न्यावयाचे, ते वाहनात कोठे ठेवावयाचे आणि ते पेटवावयाचे कोठे, हे ठरले म्हणजे उरलेली निवड सोपी होते. हे न ठरवता प्रवासास निघणे किती महागात पडते याचे उदाहरण फार जुने नाही. २६ ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे तामिळनाडूतील मदुराई येथे उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या रेल्वे डब्यात आग लागली आणि किमान नऊ जणांना प्राण गमवावे लागले. नियम मोडून डब्यात आणलेल्या गॅसच्या टाकीवर चहा करण्यात येत होता, असे रेल्वेने सांगितले. रेल्वेचा डबा आणि जीप यांत फरक आहे हे खरे. पण बंद जागेत गॅस आणि ज्योत एकत्र आली की होणारा परिणाम दोन्हीकडे सारखाच. वाहनाने स्वयंपाकघर वाहून न्यावे. स्वयंपाक मात्र वाहनाबाहेर, मोकळ्या जागेतच व्हावा. पुढील सर्व विवेचन या एका अटीवर उभे आहे.

इंधनाचा हिशेब

सहा माणसांचा दोन वेळचा साधा स्वयंपाक आणि तीनदा चहा यांसाठी मध्यम बर्नर दिवसाकाठी दोन ते अडीच तास जळतो. दोन किलोवॅट क्षमतेचा बर्नर तासाला सुमारे १६० ग्रॅम गॅस घेतो. म्हणजे दिवसाला साडेतीनशे ते चारशे ग्रॅम पुरेसे होतात. वारा लागला तर हा आकडा सहज वाढतो.

या हिशेबाने ५ किलोची लहान टाकी सहा जणांना दहा-बारा दिवस पुरेल. तेल कंपन्यांच्या वितरकांकडे आणि काही पेट्रोल पंपांवर ही टाकी ओळखपत्र दाखवून मिळते. त्यासाठी पत्त्याचा पुरावा लागत नाही. घरातील १४.२ किलोची टाकी बरोबर नेण्याचा मोह टाळावा. भरलेली असताना तिचे वजन तीस किलोच्या आसपास जाते आणि ती घरच्या पत्त्यावरील स्वयंपाकासाठी दिलेली असते. लहान टाकीला घरचा रेग्युलेटर जुळेलच असे नाही. म्हणून तो टाकी घेतानाच बसवून पाहावा. टाकीच्या वरच्या कड्याजवळील पट्टीवर इंग्रजी अक्षर व वर्षाचे दोन अंक असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे पुढील चाचणीची मुदत त्यावरून कळते. मुदत उलटलेली टाकी स्वीकारू नये. रबरी नळी प्रमाणित व पाच वर्षांच्या आतील असावी.

दुसरा प्रकार ब्युटेनच्या पत्र्याच्या डब्यावर चालणाऱ्या चपट्या शेगडीचा. ही शेगडी सुटसुटीत असते, पेटीत मावते आणि एक-दोन दिवसांच्या प्रवासाला उत्तम. परंतु तिच्या डब्यात सुमारे २२० ते २३० ग्रॅमच गॅस असतो. पूर्ण ज्योतीवर तो दीड तासही टिकत नाही; चार दिवसांसाठी सहा जणांना सहा-सात डबे लागतील. तिचा मोठा धोका आपल्याकडच्या स्वयंपाकपद्धतीतच दडलेला आहे. या शेगडीत गॅसचा डबा बर्नरच्या अगदी शेजारच्या कप्प्यात असतो. भाकरीचा मोठा लोखंडी तवा किंवा रुंद कढई त्या कप्प्यावर आली की खालच्या डब्यास आच लागते, आतील दाब वाढतो आणि डबा फुटू शकतो. ज्यांना रोज भाकरी हवी त्यांनी ही शेगडी घेऊ नये, किंवा तवा लहान घ्यावा. मोठ्या पातेल्यासाठी दोन शेगड्या एकमेकींस भिडवून ठेवणे हा तर धोक्यास आमंत्रण देणारा प्रकार होय. हे डबे ५० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक उष्णतेत ठेवू नयेत अशी सूचना त्यांवर छापलेली असते. मे महिन्यात विदर्भात उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. रिकामा डबा घरच्या टाकीतून पुन्हा भरून घेणे धोकादायक आणि नियमबाह्य आहे.

लडाख किंवा चारधामकडे जाणाऱ्या मराठी प्रवाशांना ब्युटेनचा आणखी एक अनुभव येतो. हा वायू शून्याच्या आसपास द्रवच राहू पाहतो आणि पहाटे शेगडी पेटेनाशी होते. प्रोपेन मिसळलेले डबे अशा ठिकाणी अधिक उपयोगी पडतात. लेहच्या उंचीवर, म्हणजे सुमारे ३,५०० मीटरवर, पाणी ८८ अंशांच्या जवळपासच उकळते. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासन् तास शिजत ठेवण्यापेक्षा पाच लिटरचा कुकर नेणे इंधनाच्या दृष्टीने कितीतरी स्वस्त.

रॉकेलच्या पंपाच्या स्टोव्हला थंडीचा फारसा त्रास नाही. मात्र त्याची पिन, वॉशर आणि भडका हे सर्व सांभाळणारा अनुभवी माणूस बरोबर हवा. विजेच्या शेगडीबद्दल बरेच गैरसमज आढळतात. मोटारीच्या पुढच्या भागातील १२ व्होल्टच्या जोडणीतून साधारण दीडशे वॅट मिळतात. तेवढ्यावर एक लिटर पाणी उकळण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. काही विद्युत वाहनांत बाहेरच्या उपकरणांसाठी मोठी जोडणी दिलेली असते, तेथे गोष्ट वेगळी.

पेटी कशी असावी

मोटारीच्या मागच्या भागात बसणारी, झाकण उघडले की टेबल होणारी पेटी ही कल्पना अमेरिकेत गुरांच्या कळपांबरोबर जाणाऱ्या स्वयंपाकाच्या गाडीपासून रूढ झाली. टेक्सासच्या चार्ल्स गुडनाइट यांनी १८६६ मध्ये लष्करी गाडीच्या मागे खणांची मांडणी बसवून अशी गाडी तयार केली. आपल्याकडे पत्र्याची ट्रंक किंवा सुताराकडून करून घेतलेली प्लायवुडची पेटी हेच काम स्वस्तात करते. तिचे भरलेले वजन दोन माणसांनी सहज उचलावे इतकेच असावे. मसाल्याचा डबा, सुरी, सांडशी, काडेपेटी यांच्या जागा ठरलेल्या असाव्यात, कारण ही पेटी बहुधा अंधारात उघडली जाते. गॅसची टाकी मात्र या पेटीत ठेवू नये. ती उभी, पट्ट्याने बांधलेली आणि हवा खेळती असलेल्या जागी असावी. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो वाहनाच्या तळाशी साचतो.

उंच पायांचे टेबल घ्यावे काय, हा प्रश्न हमखास विचारला जातो. उभ्याने परतणे-चिरणे करणाऱ्यास ते सोयीचे. परंतु परातीत पीठ मळून भाकरी थापणाऱ्याला बैठी शेगडीच बरी वाटते. आणि बैठी शेगडी डगमगत नाही, हा तिचा गुण टेबलाच्या देखणेपणाहून मोठा आहे. वाऱ्याकडे पत्र्याचा आडोसा करावा. डब्याच्या शेगडीस तो चारही बाजूंनी मात्र लावू नये.

पाऊस आला म्हणून शेगडी तंबूत घेणे, किंवा थंडीसाठी कोळशाची शेगडी आत ठेवून झोपणे, यांतून कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा होते. या वायूस वास नसतो. झोपलेल्या माणसास जागही येत नाही. म्हणून पावसाळी प्रवासात ताडपत्री व तिचे खांब हा स्वयंपाकघराचाच भाग समजावा.

पाणी आणि शिधा

माणशी दिवसाला सात-आठ लिटर धरले तर सहा जणांस वीस लिटरचे दोन-अडीच कॅन लागतात. एकाला तोटी असावी. हात धुण्यास ती हवीच. वाटेत भरलेल्या पाण्यात क्लोरिनचे द्रावण वेष्टनावरील प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. गढूळ पाणी आधी निवळून व गाळून घ्यावे, एरवी क्लोरिनचा उपयोग कमी होतो.

पहिल्या दिवशी चूल पेटवूच नये. दशम्या, तिळाची चटणी, मेतकूट, दाण्याचा लाडू अशी शिदोरी घरूनच निघावी, म्हणजे मुक्कामावर पोहोचल्याबरोबर स्वयंपाकाची घाई होत नाही. सकाळचा भात डब्यात भरून रात्री खाण्याची सवय उन्हाळी प्रवासात सोडावी लागेल. शिजवूनही न मरणारे काही जिवाणूंचे बीज कोमट भातात वाढते, आणि त्यांचे विष पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. जेवढे संपेल तेवढेच शिजवावे.

जागा आणि रंगीत तालीम

राखीव वन किंवा अभयारण्य यांच्या हद्दीत विस्तव पेटविण्यावर १९२७ चा भारतीय वन अधिनियम व १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम यांची बंधने आहेत. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, वणव्याच्या हंगामात, वनरक्षकास विचारल्याशिवाय शेगडीही लावू नये. गायरानात किंवा गावठाणालगत मुक्काम असेल तर ग्रामपंचायतीस आधी कळवावे. पंचायतींनीही पाणी व कचऱ्याची सोय असलेली एखादी जागा नेमून दिल्यास प्रवाशांची आणि गावाची, दोघांचीही अडचण टळेल. शाळेच्या सहलीची बस प्रवाशांनी भरलेली असते. तिच्यातून गॅस नेण्याचा विचारही करू नये. तेथे मुक्कामावरच स्वयंपाकाची व्यवस्था करणे हाच मार्ग.

निघण्यापूर्वी आठवडाभर आधी अंगणात संपूर्ण पेटी मांडून एक जेवण शिजवून पाहावे. सांध्यांवर साबणाचे पाणी लावले की गळती असल्यास बुडबुडे दिसतात. काय विसरले, कशाचे ओझे उगाच झाले हेही त्याच वेळी कळते. शेगडी आधी आणि नंतर टाकीसह तोलून पाहिली तर एका जेवणास किती गॅस लागला याचा नेमका आकडा हाती येतो. तो पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस लिहून ठेवावा.